ज्या धावण्यानं आजारी पडले, तेच औषध कसं?

पत्र असं आहे. थोडं आखडतं घेऊन देते आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

"ताई, मी 24 वर्षांची आहे. गाव परभणी जिल्ह्यात. सध्या छत्रपती संभाजीनगरला रूम करून राहते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दोन वर्षांपूर्वी एका स्थळाकडून निरोप आला, मुलगी अंगानं जाड आहे. तेव्हापासून पहाटे ग्राउंडवर दीड-दोन तास पळते. दिवस चहावर काढते. मेसचा डबा रूममेटला देते. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरते. आणि रात्री अकराच्या पुढं सुटते. बिस्किटाचे पुडे, फरसाण, आईनं पाठवलेले लाडू, काहीच नसलं तर शिळी भाकरी. पोट दुखेपर्यंत खाते आणि मग उलटी काढते. आठवड्यातून तीन-चारदा. दाताला कळा यायला लागल्या म्हणून दवाखान्यात गेले. दातांच्या मॅडमनी आतली बाजू झिजलेली पाहिली, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं. मी रडले. त्यांनी मानसोपचार तज्ज्ञांकडं पाठवलं. तिथं बुलिमिया आहे असं सांगितलं. आता आहारतज्ज्ञ म्हणतात, दर तीन तासांनी खायचं. पळणं बंद, पण पुढं आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करायचा. मला कळेना झालंय. खाणं आणि व्यायाम, या दोन गोष्टींनीच तर मी आजारी पडले. तेच औषध कसं? मी आणखी जाड झाले तर? आणि नवरात्र तोंडावर आलंय. आमच्या घरी नऊ दिवस कडक असतं. आईला काय सांगू? मला तूच म्हणा."

बाळा, पहिल्यांदा त्या दातांच्या मॅडमचे आभार मानते. दार लावून घेऊन हळूच विचारणारी माणसं फार नसतात. आणि तुझंही कौतुक, कारण तू खोटं सांगून उठून आली असतीस तरी कुणाला कळलं नसतं.

तुझा प्रश्न एकदम रास्त आहे. तुझ्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. उत्तर द्यायला थोडं मागं जावं लागेल, कारण रात्री अकरा वाजता तुझं जे होतं ते रात्री अकराला सुरू होत नाही. ते सकाळी सुरू होतं, उपाशीपोटी ग्राउंडवर गेलीस तेव्हा.

तुला वाटतं तुझ्या मनाला लगाम नाही. पत्रात तू 'सुटते' हा शब्द लिहिलास, जसं काही जनावर दावं तोडून सुटतं. एक जुना प्रयोग सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धामुळं उपासमार झालेल्या लोकांना परत खाऊपिऊ कसं घालायचं हे शिकायचं होतं. ही माणसं निवडून घेतलेली, अंगानं आणि मनानं धडधाकट. काही आठवड्यांत ती दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवली. कुणी ताटातला घास तासभर पुरवून खायला लागला. चिडचीड वाढली, मन उदास झालं. आणि पोटभर खायची मुभा मिळाली तेव्हा त्यातले काही जण खातच सुटले. पोट भरूनही त्यांना भूक थांबेना. त्यांना कुणी स्थळानं नाकारलं नव्हतं, कुणी जाड म्हटलं नव्हतं. फक्त उपाशी ठेवलं होतं.

म्हणजे रात्रीची ती तू बेशिस्त मुलगी नाहीस. सोळा-सतरा तास रिकामं ठेवलेलं आणि वर दोन तास पळवलेलं शरीर स्वतःचा जीव वाचवतंय. मग खाल्ल्याची लाज वाटते, लाजेपोटी उलटी, उलटीनंतर उद्या आणखी कडक राहायचं असं ठरतं, आणि त्या कडकपणातून परत रात्र. बुलिमिया या आजाराचं वर्णन लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचार तज्ज्ञांनी 1979 मध्ये केलं, आणि त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ बैलासारखी भूक असा आहे. आपण बैल पाळणारी माणसं. दिवसभर औताला जुंपून वैरण न घातलेला बैल रात्री दावणीला काय करील, हे तुला मी सांगायला नको.

आता औषधाचं.

दर तीन तासांनी खायला सांगितलं, ते तुला जाड करायला नाही. ते रात्रीचं खाणं आपोआप पडावं म्हणून आहे. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काही, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर नाही. जगभर या आजाराच्या उपचाराची ही पहिली पायरी मानतात, कारण शरीराला एकदा खात्री पटली की घास वेळेवर येणार आहे, की ते रात्री लुटायला निघत नाही. सुरुवातीला भूक लागली म्हणून खायचं नाही, घड्याळात वाजले म्हणून खायचं. तुझी भूक आणि तुझं पोट भरल्याची जाणीव या दोन्ही सध्या बिघडलेल्या घड्याळासारख्या आहेत. भिंतीवरच्या घड्याळावर चाल, आतलं हळूहळू लागेल.

आहारतज्ज्ञांनी छापील तक्ता दिला असेल आणि त्यात ओट्स आणि ग्रीक योगर्ट असेल तर त्यांना सांग की आपल्याकडं जे मिळतं ते लिहून द्या. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला किंवा दही-धपाटे. अकराला मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि केळ. दुपारी मेसचा डबा, पूर्ण, रूममेटला न देता: पोळी किंवा भाकरी, वरण, भाजी, भात. साडेचार-पाचला चहाबरोबर काहीतरी खरंखुरं, बिस्किटं चालतील. हो, तीच बिस्किटं. रात्री आठला जेवण. झोपायला उशीर होत असेल तर दहाला कपभर दूध. तुझ्या आहारतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐक. मी उष्मांकांचे आकडे मुद्दाम लिहिलेले नाहीत आणि तूही मोजू नको. मोबाईलमधलं मोजायचं अॅप आज काढून टाक.

बिस्किटं आणि लाडू यांच्याबद्दल दोन शब्द. तू त्यांना 'वाईट' ठरवून टाकलंस म्हणून ती फक्त रात्री, अंधारात, चोरून खायची वस्तू झाली. उजेडात, ताटलीत ठेवून, ठरल्या वेळी खाल्लेला लाडू हा लाडूच असतो. पहिल्या दोन आठवड्यांत तेवढी हिंमत होणार नाही. सवडीनं कर, आहारतज्ज्ञांसमोर बसून कर. पण यादीतून कायमचं काहीच हद्दपार करू नको.

मी पंचवीस वर्षं आहाराचंच काम करते आहे. एक मुलगी आठवते. तुझ्याहून लहान, लातूरला क्लासेससाठी राहिलेली. पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून तिनं डब्यातली अर्धी भाकरी काढली आणि तिचे इतके बारीक तुकडे केले की मी मोजले, एकवीस झाले. एकेक तुकडा वरणाच्या कडेला टेकवायचा, बुडवायचा नाही. भाकरी संपायला पाऊण तास लागला. मी गप्प बसून राहिले, माझा डबा खात. सहाव्या की सातव्या आठवड्यात ती आली, डबा उघडला, आणि माझ्याशी अभ्यासाचं बोलता बोलता भाकरी वाटीत चुरली, वरून वरण ओतलं आणि पाची बोटांनी कालवली. तिच्या लक्षातही आलं नाही. मी तिला काही बोलले नाही. घरी येऊन मात्र मी रडले.

पुढचा प्रश्न, जाड होण्याचा. खरं तेच सांगते. वजन अजिबात बदलणार नाही असं वचन मी देणार नाही, ते कुणी देऊ नये. पण बुलिमियात नियमित खायला लागलेल्या बहुतेक बायकांच्या वजनात फार मोठा फरक पडत नाही. कारण रात्रीचं ते भलं मोठं खाणं बंद होतं, आणि उलटीनं तुला वाटतं तेवढं बाहेर पडतच नाही, बरंचसं आधीच अंगात गेलेलं असतं. जुलाबाच्या गोळ्यांचंही तसंच. त्या मोठ्या आतड्यावर काम करतात, अन्न त्याच्या आधीच शोषलेलं असतं, जातं ते फक्त पाणी आणि क्षार. आणखी एक, उलट्या थांबल्या की सुरुवातीला अंग पाणी धरून ठेवतं. पाय, चेहरा सुजल्यासारखा वाटेल, काट्यावर आकडा चढेल. ती चरबी नाही. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. नेमक्या याच दिवसांत पुष्कळ मुली घाबरून उपचार सोडतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. रूमवर वजनकाटा असेल तर डॉक्टरांकडं नेऊन दे. वजन तिथंच, ते सांगतील तेव्हा.

आता व्यायाम. तुझ्या प्रश्नाचा गाभा इथं आहे.

तू पळत होतीस ते फेडायला. रात्रीच्या खाण्याचं कर्ज सकाळी फेडायचं, आणि सावकाराच्या व्याजासारखं ते कधी फिटायचं नाही. एका फेरीच्या दोन, दोनाच्या चार. ताप असतानाही गेली असशील. एक दिवस चुकला तर दिवसभर अपराध्यासारखं वाटलं असेल. मैत्रिणीचं लग्न, आजीचं आजारपण, अभ्यास, सगळं त्या पळण्याच्या मागं पडलं असेल. आमच्या भाषेत याला सक्तीचा व्यायाम म्हणतात आणि तो आजाराचाच भाग असतो. म्हणून कितीतरी वर्षं डॉक्टर अशा बायकांना व्यायामाचं नावच काढू देत नसत. ती भीती खोटी नव्हती.

पण नॉर्वेत काहींना वेगळं वाटलं. ओस्लोच्या क्रीडाविज्ञान विद्यापीठातल्या योरुन सुंडगॉट-बोर्गेन यांनी बुलिमिया असलेल्या बायकांवर केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बोलण्याचा उपचार, आहाराचा सल्ला आणि देखरेखीखालचा व्यायाम यांची त्यात तुलना होती, आणि व्यायामाचा गट मागं पडला नाही. पुढं त्याच संस्थेत व्यायाम आणि आहार एकत्र करून मोठी चाचणी झाली. बुलिमिया आणि उलटी न करता अनावर खाण्याचा आजार असलेल्या 18 ते 40 वयाच्या बायका. सोळा आठवडे, गटागटानं. एका बाजूला विचार आणि वागणूक बदलण्याचा नेहमीचा बोलण्याचा उपचार, दुसऱ्या बाजूला ताकदीचा व्यायाम, मध्ये मध्ये थांबून थोडं धावणं, आणि आहाराचं शिक्षण. वाट पाहत थांबलेल्या बायकांपेक्षा दोन्ही गटांतल्या बायका पुष्कळ सुधारल्या, आणि पुढच्या पाठपुराव्यात दोन्ही उपचार बरोबरीला आले. सगळ्याच बऱ्या झाल्या असं नाही, कुठल्याही उपचारानं तसं होत नाही. पण जे तुझ्या आहारतज्ज्ञांनी सांगितलं ते त्यांच्या मनाचं नाही, एवढं तुला यातून कळावं. व्यायाम हा औषधासारखा असतो. किती, कधी, कुणाच्या नजरेखाली आणि आधी काय खाऊन, यावर सगळं ठरतं.

फरक कुठं आहे ते बघ. पळायला शेवट नसतो. ताकदीच्या व्यायामाला असतो. दहा बैठका, दीड मिनिट विश्रांती, परत दहा, परत विश्रांती, झालं. तो संपतो. मधला सुट्टीचा दिवस हाही त्याच औषधाचा डोस असतो, कारण स्नायू वाढतो तो विश्रांतीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उपाशीपोटी तो होतच नाही. पळताना तुझा हिशेब होता, पळाले तर खाईन. इथं हिशेब उलटा आहे. खाल्लं तरच उचलेन. तीन आठवडे नाश्ता करून ये आणि मग एक दिवस न करता ये, तुझे हातच तुला सांगतील.

जिम लागत नाही. फी भरून आरशांच्या भिंतीसमोर उभं राहणं तुझ्यासारखीला सध्या बरंही नाही. खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाठपिशवीत पुस्तकं भरून ती उचलणं, जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतार, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून दोनदा, बस्स. सुरुवातीचे काही वेळा फिजिओथेरपिस्टकडून किंवा जाणत्या ट्रेनरकडून शिकून घे, आणि त्यांना आजार सांग. 'चरबी जाळू', 'पोट आत घालू' असं बोलणारा ट्रेनर असेल तर त्या दिवशीच बाहेर पड. शक्य असेल तर एकटी करू नको, रूममेटला बरोबर घे. वहीत लिहायचं ते कंबरेचं माप नाही, पिशवीत किती पुस्तकं होती ते लिही.

मघाशी ज्या लातूरच्या मुलीचं सांगितलं, ती एकदा आली ती हसतच. पाण्याचा जार घेऊन येणारा आला नव्हता, तिनं खालून वीस लिटरचा जार स्वतः दुसऱ्या मजल्यावर नेला होता. मला दाखवायला दंड वर केला. त्या दिवशी तिनं वजनाचं विचारलंच नाही.

आपल्या आज्यांनी आडावरून घागरी वाहिल्या, जात्यावर दळलं, खुरपलं, वेचलं. लोक मला सांगतात, तेव्हा कुठं होते असले आजार. मी त्यांना विचारते, त्या जेवायच्या कधी? सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर. मराठवाड्यातल्या किती घरांत अजून बाई शेवटी, चुलीपाशी, पाठ वळवून जेवते. तिनं खाल्लं की नाही हे बघायला कुणी नसतं. या रीतीत आजार लपायला केवढी जागा आहे याचा विचार कुणी करत नाही. उपवासाचंही तेच. तू आठवड्याचे तीन-चार दिवस उपवास धरलेस आणि लोक म्हणाले, पोरगी किती धार्मिक आहे.

म्हणून नवरात्राबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. यंदा उपवास नाही. नऊ दिवस नाही, एक दिवसही नाही, आणि पुढच्या वर्षी काय ते डॉक्टरांना विचारून. आपल्याकडं कितीतरी घरांत उठता-बसताच धरतात, पहिला आणि शेवटचा, पण तुला तेही नको. आजारी माणसाला, बाळंतिणीला, लेकराला उपवास माफ असतो हे तुझ्या आईलाही माहीत आहे. घराण्याचा नेम मोडायला नको असेल तर भावानं धरावा, वडिलांनी धरावा. घटाला माळ घाल, दिवा सांभाळ, आरतीला उभी राहा. तुळजापूरला किंवा माहूरला जायचं असेल तर जेवून जा. आपल्याकडं जोगवा मागतात, त्यातलं पीठ मळून भाकरी करून खातात ना? देवीच्या नावानं मागून खायची रीत आहे आपल्यात. मग देवीच्या दारात तू खाल्लंस तर तिला राग कशाचा?

आईला सांगायचं कसं. फोनवर नको. गावाकडं जा, दुपारी सगळे शेतात गेल्यावर तिच्याजवळ बस. 'मानसिक आजार' या शब्दानं सुरुवात केलीस तर ती घाबरेल, कुणी बाहेरचं सांगेल, गंडादोरा होईल. शरीरापासून सुरुवात कर. म्हण, "आई, मला उलट्यांचा आजार झालाय. दात झिजलेत. हृदयाला धोका होऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले. मला वेळेवर खायचं औषध दिलंय आणि उपवासाची मनाई आहे." मग गप्प बस. ती पहिल्यांदा रागावेल, हिला काय कमी आहे म्हणेल. नंतर स्वयंपाकघरात जाईल आणि काहीतरी घेऊन येईल. आया असंच करतात. उलटी तू स्वतः काढतेस हे त्या दिवशी सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर पुढच्या खेपेला, डॉक्टरांसमोर. फक्त एक मागणं तिच्याकडं माग: माझ्या अंगाबद्दल कुणी काही बोलायचं नाही. 'किती वाळलीस गं लेकरा' हेही नको आणि 'आता जरा बरी दिसायलीस' हेही नको. स्थळं वर्षभर थांबवा म्हणावं. ज्यांनी जाड म्हणून निरोप धाडला, त्यांच्या घरी तू गेली नाहीस, हे बरंच झालं.

रूममेटलाही विश्वासात घे. जेवणानंतरचा तास सगळ्यात अवघड असतो. त्या तासात एकटी राहायचं नाही. दोघी मिळून अभ्यास करा, भांडी घासा, खाली कट्ट्यावर बसा, आईला फोन लावा. मनात उबळ येते ती लाटेसारखी असते, वीस-तीस मिनिटांत उतरायला लागते.

तरी एखादी रात्र येईल. येणारच. त्या रात्रीनंतर एकच नियम पाळायचा: सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी, पूर्ण. 'काल एवढं खाल्लं, आज चहावर' म्हणालीस की चाक परत फिरलं. त्या दिवशी व्यायाम मात्र नाही. उलटीनंतर लगेच दात घासू नको, आम्लानं मऊ झालेला थर ब्रशनं निघतो. साध्या पाण्यानं किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भर आणि तासभर थांब.

औषधांबद्दल थोडक्यात. फ्लुओक्झेटिन नावाची गोळी बुलिमियात वापरतात. डॉक्टरांनी दिली तर घे, तिचं व्यसन लागत नाही, पण स्वतःच्या मनानं बंद करू नको. आणि बोलण्याचा उपचार मिळत असेल तर तोही घे. आहार-व्यायाम की समुपदेशन, असं काही निवडायचं नाहीये.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी एक गोष्ट. वरचं सगळं या मुलीच्या आजाराचं आहे. जी मुलगी खाणं तोडून अगदी हाडाची काडी झाली आहे, पाळी थांबली आहे, तरी स्वतःला जाड म्हणते आहे, तिचा आजार वेगळा आहे. त्याला अॅनोरेक्सिया म्हणतात आणि तो जिवावर बेततो. तिला घरी बैठका मारायला लावू नका. तिला आधी डॉक्टर हवा, कधी कधी भरती करावं लागतं, आणि खाणंसुद्धा तिथं बेतानं वाढवावं लागतं. खूप दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार कोसळतात.

आपल्याकडं जायचं कुठं, हा प्रश्न पत्रातून नेहमी येतो. संभाजीनगरात घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, नांदेड, लातूर, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं मानसोपचाराची ओपीडी असते. जिल्हा रुग्णालयातही विचारा. आणि 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, 2022 पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री अकरालाही. हा नंबर तू मोबाईलमध्ये 'मावशी' म्हणून सेव्ह कर. स्वतःला संपवावंसं वाटलं तर उजाडायची वाट न बघता लाव, आणि रूममेटला उठव.

आता या आठवड्यातलं काम. तू पत्रात रक्ततपासणीचं काहीच लिहिलेलं नाहीस, त्याची मला काळजी आहे. सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्यावर हृदयाचे ठोके चालतात. बाहेरून मुलगी ठणठणीत दिसते आणि आतून ठोका चुकत असतो. छातीत धडधड, चक्कर, पायात गोळे, उलटीत रक्त, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी तातडीच्या विभागात जायचं, लाजायचं नाही, उलट्या होतात एवढं सांगितलंस तरी त्यांना पुरतं. पण काही होत नसलं तरी सोमवारी डॉक्टरांकडं जा आणि सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून माग. ते सगळं बघून डॉक्टर हो म्हणतील तोवर पिशवीत एकही पुस्तक भरायचं नाही.

या तपासण्यांना उपाशीपोटी जावं लागत नाही. नाश्ता करून जा.